अध्यक्ष

आमच्या गावात एकदा नगराध्यक्ष झालेला माणूस अखेरपर्यंत ‘अध्यक्ष’च राहतो. पद जाऊन वीस वर्षे उलटतात, पक्ष फुटतात आणि जुळतात, ज्यांनी पाडले तेच पुढे शेजारी बसून चहा घेतात, परंतु हाक तीच राहते. लग्नपत्रिकेत नावाखाली ‘माजी नगराध्यक्ष’ असे छापलेले असते. मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, जाताना मात्र ‘रामराम अध्यक्ष’ असेच कानावर येते. ज्यांच्याविषयी मी लिहितो आहे, त्या आप्पांना ही हाक मी चोवीस वर्षे ऐकत आलो आहे आणि त्यांतली पाचच वर्षे ते खरोखर अध्यक्ष होते.

गावाचे नाव मी लिहीत नाही, आप्पांचेही नाही. त्यांना ते आवडणार नाही. गोदावरीच्या खोऱ्यातले पन्नासेक हजार वस्तीचे हे गाव, म्हणजे सरकारी भाषेत ‘ब’ वर्ग नगरपरिषद. माझे वडील तिथे पाणीपुरवठा विभागात लिपिक होते, त्यामुळे घरात रात्रीच्या जेवणाला नगरपालिकेचाच विषय असे. आजोबा तिला शेवटपर्यंत ‘बलदिया’ म्हणत. निजामाच्या अमलात वाढलेल्या त्या पिढीच्या तोंडात बलदिया, गुत्तेदार (म्हणजे कंत्राटदार), मोंढा हे शब्द असे मुरलेले होते की १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी ते हलले नाहीत. बलदिया आता गेली. गुत्तेदार आणि मोंढा अजून आहेत. कायदासुद्धा बराच काळ वेगळाच होता. मराठवाड्यातील नगरपालिका १९५६ च्या हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियमाखाली चालत आणि १९६५ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने त्यांना उर्वरित राज्याच्या ओळीत आणून बसवले. आजही नगराध्यक्षाला काय करता येते आणि काय करता येत नाही, हे तोच १९६५ चा कायदा ठरवतो.

मराठवाड्यात नगराध्यक्षपदाकडे पायरी म्हणून पाहण्याची सवय आहे आणि त्याला कारणही आहे. नांदेड नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले शंकरराव चव्हाण पुढे राज्याचे पाटबंधारे मंत्री झाले, १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये मुख्यमंत्री झाले, केंद्रात गृहमंत्री झाले. लातूर नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले शिवराज पाटील चाकूरकर १९७३ मध्ये विधानसभेत गेले, १९८० पासून सलग सात वेळा लातूरमधून लोकसभेवर निवडून आले, १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष आणि २००४ ते २००८ या काळात देशाचे गृहमंत्री होते. देशाचे दोन गृहमंत्री मराठवाड्यातल्या दोन नगरपालिकांच्या खुर्चीवरून पुढे गेले, ही गोष्ट आमच्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगावी अशीच ती आहे. मात्र तिच्यामुळे एक चूक आमच्या अंगवळणी पडली आहे, असे मला वाटते. जो त्या खुर्चीवरून पुढे गेला नाही, त्याचे राजकारण फसले, असे आम्ही धरून चालतो. २००१ साली आप्पा निवडून आले तेव्हा मिरवणुकीत एक जण त्यांच्या गळ्यात हार घालताना म्हणाला होता, “चाकूरकरसाहेब बी नगरपालिकेतूनच गेले व्हते, आप्पा. आता थांबायचं न्हाई.” आप्पांनी हार काढून शेजारच्या पोराच्या हातात दिला आणि विचारले, “उद्या पाणी कोणत्या गल्लीला हाय?”

त्या वेळी ते पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. मोंढ्याजवळ त्यांचे कृषी सेवा केंद्र होते. बी-बियाणे, खते, औषधे. मृगाला उधारीवर न्यायचे आणि सोयाबीन, कापूस विकल्यावर द्यायचे, अशा व्यवहारात अर्धा तालुका त्यांना ओळखत होता आणि कोणाची किती उधारी थकली आहे हे ते चारचौघांत कधी बोलत नसत. १९९१ आणि १९९६ अशी दोनदा ते नगरसेवक झाले. तिसऱ्या वेळी कायदाच बदलला होता. नगराध्यक्षाची निवड थेट जनतेतून करण्याचा प्रयोग महाराष्ट्राने १९७४ साली केला होता, पुढे तो सोडून दिला होता. २००१ मध्ये तो पुन्हा आला. आप्पांच्या मागे मोठे घराणे नव्हते, साखर कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती. नगरसेवकांमधून निवड व्हायची असती तर त्यांचे नाव यादीतही आले नसते. गावाने मात्र त्यांना निवडून दिले आणि त्याच गावाने, त्याच दिवशी, सभागृहात बहुमत मात्र समोरच्या गटाच्या हाती दिले.

थेट निवडीचा हा पेच कागदावर लहान दिसतो. प्रत्यक्षात नगराध्यक्ष सभेचा अध्यक्ष असतो. विषयपत्रिका त्याच्या सहीने निघते. पण ठराव हात वर करून होतात आणि हात समोरच्यांचे असतात. ठराव झालाच तर तो अमलात आणणारे मुख्याधिकारी शासनाचे नोकर असतात, त्यांची बदली मुंबईहून होते. त्यातूनही एखादे काम पुढे सरकले, तर कोणीही कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो आणि ठरावाची अंमलबजावणी तहकूब होऊ शकते. आमच्या गावात ‘तीनशे आठ’ हा आकडा शाळेतल्या मुलांनाही माहीत होता. वडील म्हणत, “गावाला वाटतं, सगळ्या चाव्या अध्यक्षाच्या खिशात हायेत. त्याच्या खिशात रुमाल हाय नुसता.”

पैशाची गोष्ट तर याहून कठीण होती. जकात असेपर्यंत नगरपालिकेला स्वतःचे म्हणून काही उत्पन्न होते. नाक्यावर ट्रक थांबे, पावती फाटे आणि संध्याकाळी रोकड तिजोरीत येई. त्या नाक्यांवर गैरव्यवहार होत, व्यापाऱ्यांना त्रास होई, हे सगळे खरे आहे आणि जकात गेली याचे आप्पांना स्वतः व्यापारी म्हणून वाईट वाटले नव्हते. परंतु १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले, तेव्हापासून गावाचा पगार, गावाचे दिवे आणि गावाचे पाणी हे मुंबईहून येणाऱ्या एका आदेशाची वाट पाहू लागले. आमच्या घरात वडिलांचा पगार दोन-दोन, तीन-तीन महिने लांबण्याचे दिवस त्यानंतरचे आहेत. किराणा दुकानातली वही मला अजून आठवते, लाल पुठ्ठ्याची, दोरी बांधलेली. आधी ज्या अध्यक्षाला स्वतःची तिजोरी होती, तो आता आमदाराच्या शिफारसपत्रासाठी रांगेत उभा राहू लागला. माझ्या मते, लहान शहराच्या नगराध्यक्षाचे राजकीय बळ खऱ्या अर्थाने त्या वर्षी उतरले. निवडीची पद्धत पुढे कितीदा बदलली तरी ते परत आले नाही.

अशा परिस्थितीत आप्पांनी पाणी धरून ठेवले. नदीवरच्या जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीपासून, गावापर्यंतची जलवाहिनी जुनी होती, वाटेत ठिकठिकाणी गळती होती, उन्हाळ्यात एअर व्हॉल्व्हभोवती वाडी-वस्तीच्या बायका हंडे घेऊन बसत आणि त्यांना हुसकावण्याची हिंमत कोणालाही होऊ नये, इतकी त्यांची तहान खरी होती. गावात चौथ्या दिवशी नळ यायचा तो सातव्या-आठव्या दिवशी येऊ लागला होता. रोज पहाटे पाच वाजता आप्पा पायजम्यावर स्वेटर चढवून बाहेर पडत आणि व्हॉल्व्हमनच्या मागोमाग गल्ल्यांमधून फिरत. वडील आजारी असताना एकदा त्यांचे रजिस्टर घेऊन मीही गेलो होतो. वेशीजवळ चेंबरचे लोखंडी झाकण सरकवले, तेव्हा आतून ओल्या मातीचा आणि गंजाचा वास आला. व्हॉल्व्हमन सुट्टीवर गेला होता. बदली आलेला पोरगा नवीन होता. त्याने लांब दांड्याची चावी आत सोडली आणि नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवू लागला. दांडा वाकेल इतका जोर त्याने लावला, तरी व्हॉल्व्ह हलेना. आप्पा खाली बसले, हात चेंबरच्या कडेवर टेकवला आणि म्हणाले, “बाळा, ह्यो उलटा हाय. उजवीकडं फिरवला की उघडतो. मागं कवातरी गुत्तेदारानं बसवला तसाच ऱ्हायला.” मुलाने चावी उजवीकडे फिरवली. पायाखालची जमीन किंचित थरथरली आणि पलीकडच्या गल्लीत कोणीतरी ‘आलं, आलं’ म्हणून ओरडले. एवढ्या मोठ्या गावातला प्रत्येक व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरतो, हे त्या माणसाला पाठ होते.

तरीही त्यांच्या कारकिर्दीचा निकाल व्हॉल्व्हवर लागला नाही; तो पाणीपट्टीवर लागला, आणि त्यात माझाही हात आहे. २००३ साली मराठवाड्यात दुष्काळ होता. जॅकवेलच्या वीजबिलाची थकबाकी वाढत गेली होती आणि पाणीपट्टीची वसुली त्या बिलाच्या जवळपासही पोहोचत नव्हती. आप्पांनी पाणीपट्टी जवळजवळ दुप्पट करण्याचा ठराव सभेपुढे ठेवला. सभागृहात त्यांच्या गटाचे बहुमत नव्हते. तरीही त्यांनी एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊन, हिशेबाचा कागद पुढे ठेवून, तो मंजूर करून घेतला. मंजुरीनंतर आठच दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन गेले. ते निवेदन लिहिणाऱ्यांत मी होतो. मी नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो, दुष्काळात करवाढ हा मला उघड अन्याय वाटत होता आणि ‘जनतेच्या हालअपेष्टांचा विचार न करता’ अशा शब्दांनी सुरू होणारे वाक्य मीच घडवले होते. निवेदनावर साडेतीनशे सह्या झाल्या. ठराव तहकूब झाला. मे महिन्याच्या मध्यावर थकबाकीपोटी जॅकवेलची वीज तोडली गेली आणि गावाला अकरा दिवस नळाचे पाणी मिळाले नाही.

त्या अकरा दिवसांत वडिलांनी माझ्याशी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. बाराव्या दिवशी वीज जोडली गेली. आप्पांनी कोणाकडून आणि कसे पैसे उभे केले हे मला फार उशिरा कळले. दुकानाच्या मालावर त्यांनी उचल घेतली होती आणि तो भरणा ‘उसनवार’ म्हणून नगरपालिकेच्या वहीत नोंदवलाही नव्हता, कारण तशी नोंद नियमात बसत नव्हती. वडिलांनी त्या रात्री वसुलीचे रजिस्टर घरी आणले, माझ्यासमोर उघडले आणि एका पानावर बोट ठेवले. आमच्या गल्लीतली, आमच्या घरासह, बावीस घरे होती. त्यांतल्या चौदा घरांनी तीन वर्षांपासून जुनी पाणीपट्टीसुद्धा भरलेली नव्हती आणि त्या चौदांपैकी अकरा जणांच्या सह्या माझ्या निवेदनावर होत्या. आमच्या घराची पट्टी भरलेली होती, एवढाच काय तो आधार. मी चुकलो होतो, असे आज मला निःशंक वाटते. दुष्काळात करवाढ नको म्हणणे सोपे होते; बिल कोणी भरायचे, हा प्रश्न आप्पांखेरीज कोणीही स्वतःच्या अंगावर घेतला नव्हता.

२००६ मध्ये राज्याने पुन्हा नियम बदलला. नगराध्यक्ष पुन्हा नगरसेवकांमधून निवडायचे ठरले, अडीच वर्षांच्या मुदतीने. ज्या वाटेने आप्पा आले होते, ती वाटच बंद झाली. ते आपल्या प्रभागातून साधे नगरसेवक म्हणून उभे राहिले आणि पडले. पाणीपट्टीची पत्रके त्या निवडणुकीत घरोघर वाटली गेली. त्यानंतरच्या वर्षांत अध्यक्षपदाची निवड जवळ आली की नगरसेवक सहलीला जात. कधी कोकणात, कधी आणखी कुठे. निवडीच्या सकाळी थेट गाडीतून सभागृहात उतरत. पक्षादेश मोडला तर अपात्र ठरवणारा कायदा १९८६ पासून आहे, तरी गट स्थापन करण्याच्या, गट नोंदवण्याच्या युक्त्या सगळ्यांना ठाऊक असतात. २०१६ मध्ये थेट निवड पुन्हा आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. वीस वर्षांत एका पदाची निवड इतक्या वेळा फिरवली गेली आणि प्रत्येक वेळी कारण लोकशाहीचेच दिले गेले. माझे मत विचाराल तर थेट निवडच योग्य आहे. तिच्यातले सगळे दोष मी आप्पांच्या पाच वर्षांत पाहिले आहेत; पण पाणी आले नाही तर कोणाच्या दारात जायचे, हे त्या पाच वर्षांत प्रत्येक बाईला माहीत होते. पुढच्या अध्यक्षांच्या काळात ते कोणालाच नीट सांगता येत नसे.

महानगरपालिका झाली म्हणजे हा प्रश्न सुटतो, असेही नाही. लातूरची नगरपालिका २०११ साली महानगरपालिका झाली, महापौर आले, पण कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे राहिले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा देशभर छायाचित्रे छापली गेली. मांजरा धरण कोरडे पडलेल्या त्या शहरात घरोघर शिव्या खाण्याचे काम मात्र नगरसेवकांच्या आणि महापौरांच्याच वाट्याला आले असणार. आप्पा त्या दिवशी दूरदर्शनसमोर बसून होते. वाघिणी दिसल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो रेल्वे उतरवल्यावर पाणी कोणत्या टाकीत चढवणार आणि तिथून कोणत्या भागाला सोडणार, हा होता.

२००९ च्या विधानसभेच्या वेळी त्यांच्या नावाची चर्चा झाली होती. त्यांना उमेदवारी मिळाली नाही. त्याविषयी ते फार बोलले नाहीत आणि मीही कधी खोदून विचारले नाही.

नगराध्यक्षांच्या दालनात एक लाकडी फलक आहे. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत आजवरच्या अध्यक्षांची नावे आणि कार्यकाळ लिहिलेले आहेत. लहानपणी वडिलांचा डबा द्यायला जात असे तेव्हापासून मी तो वाचत आलो आहे. मधल्या काही ओळींत नाव नाही, नुसते ‘प्रशासक’ आहे. २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या आरंभी राज्यभर नगरपालिकांच्या मुदती संपत गेल्या, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या आणि तो शब्द पुन्हा फलकावर चढला. या वेळी तो जवळजवळ चार वर्षे टिकला. या काळात गावात काही कामे झाली, काही तर चांगली झाली. अधिकारी प्रामाणिक होते, हे मी नाकारत नाही. पण पहाटे पाचला स्वेटर घालून कोणी बाहेर पडत नव्हते आणि पडायला हवे होते अशी अपेक्षाही हळूहळू संपली. लोकांनी घरोघर कूपनलिका घेतल्या, ज्यांना परवडले नाही त्यांनी टँकरवाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, ऑक्टोबरमध्ये मंत्रालयात नगराध्यक्षपदांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि २ डिसेंबरला आमच्या गावाने मतदान केले. मतमोजणी मात्र न्यायालयाच्या आदेशाने २१ डिसेंबरपर्यंत पुढे गेली, कारण काही ठिकाणचे मतदान २० तारखेला व्हायचे होते.

त्याच मधल्या दिवसांत, १२ डिसेंबरला, शिवराज पाटील चाकूरकर लातूरच्या आपल्या ‘देवघर’ या निवासस्थानी वारले. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांचे नवे नगराध्यक्ष त्या दिवशी मतदान यंत्रांत बंद होते. बातमी सांगायला मी आप्पांकडे गेलो, तेव्हा ती त्यांना आधीच समजली होती. ते ओसरीवर उन्हात बसले होते. आता त्यांना पंचाहत्तरी ओलांडून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत, गुडघ्यांनी त्रास दिला आहे, दुकान मुलगा पाहतो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नगराध्यक्ष व्हते, मग लोकसभेचे अध्यक्ष झाले. सभा चालवायची तर गप बसून ऐकावं लागतं. ते त्यांना जमलं.” त्या दिवशी प्रथमच मी २००३ च्या निवेदनाचा विषय काढला आणि ते वाक्य मी लिहिले होते, हे त्यांना सांगितले. त्यांना ते बावीस वर्षांपासून माहीत होते. “तुझं अक्षर चांगलं हाय,” एवढेच ते म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितले.

२१ तारखेला दुपारी निकाल लागला. सोडतीत अध्यक्षपद महिलेसाठी राखीव झाले होते. निवडून आलेल्या ताई चाळिशीतल्या आहेत, शिक्षिका होत्या, याआधी कोणतेही पद त्यांनी भूषवलेले नाही. सभागृहात बहुमत त्यांच्या पक्षाचे नाही. गुलालाची मिरवणूक वेशीजवळून वळली, तेव्हा मी आप्पांच्या ओसरीवरच होतो. रस्त्यावरून कोणीतरी हात वर करून ‘रामराम अध्यक्ष’ म्हणाले. आप्पांनी कपाळाला हात लावून रामराम घेतला, मग माझ्याकडे वळले.

“तुझ्या ओळखीची हाय का ती पोरगी?”

“हो. आमच्याच महाविद्यालयात शिकली.”

“मग सांग तिला,” ते म्हणाले, “वेशीजवळचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो म्हणावं.”